कोड टॅग कशासाठी?

वेबपानावर प्रोग्रामचा तुकडा दाखवायला ‘कोड’, ‘प्री’, ‘केबीडी’, ‘सॅम्प’ हेच टॅग वापरा, असा आग्रह कशाला, असे विचारणारे वेब डेव्हलपर आजही पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे असे की, कोड उठून दिसतो तो समान रुंदीच्या अक्षरांमुळे आणि मागच्या करड्या पट्टीमुळे. या दोन्ही गोष्टी सीएसएसच्या दोन ओळींत कुठल्याही ‘स्पॅन’ला किंवा ‘डिव्ह’ला देता येतात. वाचणाऱ्याला फरक कळत नसेल, तर टॅगच्या नावावरून वाद कशाला? वरवर हे बिनतोड वाटते. पण हे टॅग दिसण्यासाठी केले गेले, असे त्यात धरून चालले आहे आणि तिथेच खोट आहे.

एचटीएमएल २.० चे मानक नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोड, केबीडी, सॅम्प आणि टीटी हे चारही टॅग होते आणि चारही टाइपरायटरसारख्या अक्षरांत दिसत. दिसणे एवढाच हेतू असता, तर एकटा टीटी पुरला असता. पुढे एचटीएमएल ४ मध्ये वाटणी आणखी स्पष्ट झाली: कोड हा प्रोग्रामच्या मजकुरासाठी, केबीडी वापरणाऱ्याने टाइप करायच्या मजकुरासाठी, सॅम्प प्रोग्रामने दिलेल्या उत्तरासाठी. २०१४ मध्ये एचटीएमएल ५ ला शिफारशीचा दर्जा मिळाला, तेव्हा या चौघांतला टीटी तेवढा बाद झाला होता. ज्याचे काम निव्वळ दिसण्यापुरते होते तोच गेला, अर्थ सांगणारे तिघे राहिले. हेतूचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

इतिहास बाजूला ठेवला, तरी व्यवहारात काय घडते ते पाहा. वर्डप्रेस लेख दाखवताना त्याच्या मजकुरावर हात फिरवते. सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात, लागोपाठचे दोन हायफन जुळून एक डॅश होतो. कथा-कवितेला हे शोभते, कोडचा मात्र त्याने जीव जातो. दोन हायफन लावून लिहिलेला ‘हेल्प’ हा पर्याय एका डॅशसकट कॉपी होऊन टर्मिनलमध्ये येतो आणि कमांड अडते. वळणदार अवतरणचिन्हे पाहून पायथन सिंटॅक्स एरर देतो. नवशिका विद्यार्थी ती ओळ दहादा वाचतो आणि चूक स्वतःचीच समजतो, कारण पडद्यावर दोन्ही चिन्हे जवळजवळ सारखी दिसतात. आता मुद्द्याची गोष्ट अशी की प्री, कोड, केबीडी यांच्या आतल्या मजकुराला वर्डप्रेस मूळ मांडणीत हातच लावत नाही. स्पॅनला क्लासचे नाव काहीही द्या, वर्डप्रेस त्याच्या आत शिरतेच. क्लासचे नाव हे लेखकाचे खासगी टिपण आहे. टॅगचे नाव मधल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला वाचता येते.

प्रीचे महत्त्व याहून मोठे आहे. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा व्याकरणाचा भाग असते आणि एचटीएमएल सलग आलेल्या स्पेस मिटवून एकच दाखवते. डिव्हला सीएसएसने सावरून घेता येते, हे खरे. पण तोच लेख फीड रीडरमध्ये किंवा ब्राउझरच्या रीडर मोडमध्ये उघडला, की लेखकाचे सीएसएस मागे राहते आणि दहा ओळींचा प्रोग्राम एका परिच्छेदात गोळा होतो. प्रीमधल्या ओळी तिथेही जागच्या जागी राहतात.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. स्क्रीन रीडर कोड टॅग आल्याचे बहुधा बोलून सांगत नाहीत, मग अंध वाचकाला त्याचा उपयोग काय? आज तो उपयोग तोकडाच आहे, हे मान्य केले पाहिजे. पण जून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या वाय-एरिया १.२ या वेब-सुलभतेच्या मानकात ‘कोड’ ही स्वतंत्र भूमिका आली आहे आणि कोड टॅगला ती आपोआप मिळते. उद्या स्क्रीन रीडर सुधारले, की टॅग नीट लावलेली जुनी पानेही त्यांच्याबरोबर सुधारतील. स्पॅनची पाने एकेक करून दुरुस्त करावी लागतील.

टॅगची बाजू घेणाऱ्यांनीही त्याच्या पदरी नसलेले गुण बांधू नयेत. कोड टॅगमध्ये लिहिले म्हणून ‘<’ हे चिन्ह सुरक्षित होत नाही, ते एस्केप करावेच लागते. प्रोग्राम कोणत्या भाषेतला आहे हे सांगायचीही एचटीएमएलमध्ये अधिकृत सोय नाही. ‘लँग्वेज’ने सुरू होणारे क्लासचे नाव हा केवळ संकेत आहे.

मराठीतून प्रोग्रामिंग शिकणारी कितीतरी मुले इंग्रजी पाने ब्राउझरकडून भाषांतरित करून वाचतात. त्या भाषांतरात ‘प्रिंट’चे ‘छापा’ झाले, तर धडाच निकामी होतो. कोड टॅगला ट्रान्सलेट हा गुणधर्म ‘नो’ म्हणून जोडला, की भाषांतर करणाऱ्या यंत्राला थांबायची खूण मिळते. पण कोड कुठे सुरू होतो हे आधी लिहिलेले तर हवे! धडे लिहिणाऱ्यांनी आणि वेबसाइटचे साचे बनवणाऱ्यांनी एवढे करावे: वाक्यातला कोड ‘कोड’मध्ये घालावा आणि अनेक ओळींचा प्रोग्राम ‘प्री’च्या आत ‘कोड’ लावून द्यावा.