आई एकटी का?



आपला बुलढाणा जिजाऊंचा जिल्हा. दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लोक लोटतात, आईपणाचा गौरव होतो. याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी आहे. होळीला तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. सगळ्या जातिधर्मांच्या आया आपल्या आजारी मुलामुलींना घेऊन तिथे येतात. जिजाऊंच्या जयजयकारात या आयांची आठवण कोणाला होत नाही. हा अंक त्यांच्यासाठी आहे.

चित्र आपल्या ओळखीचं आहे. सतरा-अठरा वर्षांचं पोर कॉलेज सोडतं. अंघोळ टाळतं, रात्ररात्र जागतं, एकटंच बोलतं. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, जेवणात कोणी काही कालवलंय, असं त्याला ठामपणे वाटतं. कोणाला ऐकू न येणारे आवाज त्याला ऐकू येतात, आणि त्याच्यासाठी ते खरेच असतात. घरचे म्हणतात, 'बाहेरचं आहे.' मग भगत, मांत्रिक, गंडेदोरे. सोयाबीनचे पैसे त्यात जातात आणि दवाखाना शेवटी आठवतो.

या अवस्थेला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. ती महिनोन्‌महिने टिकली, माणसाचं रोजचं जगणंच विस्कटलं, तर तो स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता असू शकते. जगात साधारण तीनशेत एकाला हा आजार होतो. बहुधा तो किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत सुरू होतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. अगदी लहान मुलांत तो फार विरळा. मेंदूचा ताप, फिट्स, गांजा यांमुळेही अशी लक्षणं दिसतात, म्हणून आधी तपासणी हवी. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी सावरण्याची शक्यता जास्त. भगताकडे गेलेलं वर्ष परत मिळत नाही.

आणि दोष कोणाला? आईलाच. 'लाडावून ठेवलं', 'तिच्या माहेरीच आहे हे.' हे गावंढळपण आहे असं समजू नका. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनीच आईच्या वागण्यातून हा आजार घडतो अशी कल्पना मांडली होती. पुढच्या संशोधनात ती टिकली नाही. आनुवंशिकता, मेंदूतले बदल, ताणतणाव अशी अनेक कारणं एकत्र येतात. शास्त्रानं आईला सोडलं, समाजानं मात्र अजून सोडलेलं नाही.

घरात काय करता येतं? मुलाच्या भासांशी वाद घालू नये आणि त्यांना होकारही देऊ नये. 'मला ते ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतं,' एवढं म्हणावं. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत. वजन वाढणं, सुस्ती, मुलींची पाळी चुकणं हे औषधांचे परिणाम असू शकतात, ते डॉक्टरांना सांगून औषध बदलून घेता येतं. मरणाची भाषा सुरू झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सतत टोमणे आणि राग असलेल्या घरात आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, असं इंग्लंडमधल्या अभ्यासांत दिसलं. पण याचाही आईसाठी नवा आसूड करू नका. दिवसा निंदणीला जाऊन रात्री जागणारी बाई कधीतरी चिडणारच. तिला शांत राहण्याचा उपदेश पुरे, तिला झोप हवी. बाप, भाऊ, काका यांनी रात्री वाटून घ्याव्यात.

आपल्या चळवळीला या विषयाचा थोडा धाक वाटत आला आहे, आणि त्याला कारण आहे. 'वेडी' ठरवून बायकोला माहेरी पाठवणारे नवरे आपण पाहिलेत. स्किझोफ्रेनिया हे नुसतं नाव लावून घटस्फोट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला १९८८ साली सांगावं लागलं. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली तेव्हा आपणच आवाज उठवला. पण या धाकापायी घरातल्या आजारी मुलीकडे आणि तिच्या आईकडे पाठ फिरवणं बरोबर नाही. 'लग्न करून द्या, ठिकाणावर येईल' म्हणत आजार लपवून तिला उजवतात, तेव्हा दोन घरं आणि एक जीव उद्ध्वस्त होतो. ते थांबवणं हे आपलंच काम आहे.

कायदा आपल्या बाजूचा आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीला साखळदंडानं बांधलेले मनोरुग्ण आगीत सापडले, २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला आणि आजारावर उपाय म्हणून नसबंदी करायला बंदी घातली. अल्पवयीन मुलीला दाखल केलं तर सोबत बाईमाणूस असलंच पाहिजे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

श्रद्धेशी भांडण नको. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर मुजावरांना सोबत घेऊन 'दवा आणि दुवा' दोन्ही देण्याचं काम झालं. सैलानीतही मानसोपचाराची सोय बारमाही हवी, नुसती यात्रेपुरती नको. ग्रामीण रुग्णालयात या गोळ्या फुकट आणि खंड न पडता मिळायला हव्यात. नागपूरच्या मनोरुग्णालयाचा पल्ला मजुरी बुडवणाऱ्या बाईला झेपत नाही. फोनवर सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे, तो बचत गटाच्या भिंतीवर लिहा.

पत्नीच्या आजारातून शिकलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, तिथे कुटुंबं एकत्र बसून बोलतात. त्यांच्याच पुढाकारानं २००४ साली 'देवराई' चित्रपट आला. त्यातही आजारी भावाला सांभाळणारी बहीणच आहे. गटात तो दाखवा आणि मग विचारा, घरातले पुरुष कुठे आहेत?

'माझ्यामागं याचं कसं व्हईल?' हा प्रश्न प्रत्येक आईच्या पोटात असतो. एकटीनं त्याचं उत्तर सापडत नाही. पुढच्या बैठकीत एक काम करा. गावात असं घर असेल तर त्या आईला बोलवा, आणि ती येईल तेव्हा तिच्या मुलाजवळ कोण बसेल, हे आधी ठरवा.