चोवीस शब्दांची किल्ली

आमच्या जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूर आहे. तेथील घरांना दारे नाहीत नि कुलपे नाहीत, ही ख्याती वाचकांस ठाऊक आहेच. 2011 साली युको बँकेने तेथे शाखा काढली, तेव्हा तिच्या दारालाही दिसेल असे कुलूप ठेवले नाही. अशा जिल्ह्यातल्या मराठीच्या मास्तराने कुलपांवर लिहावे, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या पैशाच्या कुलपावर, हे जरा विचित्रच. पण विषय माझ्या घरी चालत आला.

आला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या रूपाने. मराठी विशेष विषय घेऊन बी. ए. झाला आणि पुढे संगणकाच्या वाटेला लागला. त्याने थोडी रक्कम 'मोनेरो' ह्या नाण्यात ठेवली आहे. नाणे 2014 सालचे. नाव एस्परांतो भाषेतले, अर्थ नुसता 'नाणे'. बिटकॉइनच्या खतावणीत कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात किती गेले, हे साऱ्या जगाला वाचता येते. मोनेरोत देणारा, घेणारा आणि रक्कम, तिन्ही झाकलेली.

"मग हे चोरांचेच नाणे की रे!" मी म्हणालो.

"सर, तुम्ही आपले पासबुक चौकात टांगता का?"

उत्तर मला निम्मेच पटले. झाकण्याची सोय सज्जनाला हवी असते, तशी दुर्जनालाही हवी असतेच. मात्र 1 एप्रिल 2022 पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. खतावणीत झाकलेले नाणे विवरणपत्रात झाकायचे नसते, आणि हा झाकत नाही, एवढे मी विचारून घेतले.

त्याची किल्ली अंगठ्याएवढ्या एका यंत्रात असते. लेजर, ट्रेझर ही अशा यंत्रांची नावे. संगणक व्यवहाराचा कागद यंत्रापुढे करतो, यंत्र आतल्या आत सही करते, आणि सही तेवढी बाहेर येते. किल्ली कधीच नाही. फार तर 'पाहण्याची' एक वेगळी किल्ली संगणकास देता येते. तिने जमा दिसते, खर्च करता येत नाही. संगणकही तो साध्या रीतीने चालवीत नाही. 'टेल्स' नावाची प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करतो. ती सारी ये-जा टॉर ह्या आडवळणाच्या जाळ्यातून करते, आणि बंद केली की झाले-गेले सगळे विसरते. मुद्दाम जपायचे तेवढे एका कुलूपबंद कप्प्यात राहते. (विसरण्याचा हा गुण माझ्या वर्गात पुष्कळांच्या अंगी आहे. त्याला सुरक्षितता म्हणतात हे मला नवे होते.)

आता खरी गोष्ट. यंत्र हरवले वा मोडले, तर त्याने पहिल्या दिवशी दाखविलेले चोवीस शब्द नव्या यंत्रात भरायचे. पैसे परत हाती येतात. शब्द गेले तर कोणताही व्यवस्थापक, कोणतेही न्यायालय ते पैसे काढून देऊ शकत नाही. शब्द दुसऱ्याला सापडले तर पैसे त्याचे. म्हणून ते कागदावरच लिहायचे, फोनमध्ये छायाचित्र काढायचे नाही, आणि कोणी 'मदत करतो' म्हणून मागितले तर तो चोर समजायचा. हे शब्द इंग्रजी असतात. मुलगा कामासाठी रोज संगमनेरहून नाशिक-पुणे महामार्गावर मोटारसायकल हाकतो. आई अकोले तालुक्यात, चौथी शिकलेली, एकटी. "सर, उद्या मी नसलो तर तिने तो कागद वाचायचा कसा?"

हे शब्द 2048 शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. तशा याद्या जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि चेक भाषांत आहेत. आपल्याकडच्या एकाही भाषेत नाही. मोनेरोची स्वतःची निराळी यादी तर एस्परांतो आणि लोज्बान ह्या बसून रचलेल्या भाषांतही आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात ठरलेल्या आमच्या मराठीला तेथे पाट नाही, ह्याचे मला मनापासून वाईट वाटले.

बहुतेक यंत्रे इंग्रजीच मागतात. तेव्हा आम्ही असे ठरविले: इंग्रजी यादीतील प्रत्येक क्रमांकापुढे एक मराठी शब्द बसवायचा. आईपाशी चोवीस मराठी शब्दांचा कागद. क्रमांकांची यादी तीन-चार ठिकाणी उघडी. कारण यादी गुप्त नाहीच, आणि एकाच प्रतीवर विसंबणे घातक. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. ग्रंथ राहिले, पण बाकीच्या महाराष्ट्राला ते वाचता येण्यासाठी विसाव्या शतकातील राजवाडे-भाव्यांची पिढी यावी लागली. आईला तितका वेळ नाही.

शब्द निवडणे मात्र माझ्या गळ्यात. 'दिन' आणि 'दीन' दोन्ही बाद, कारण ती माउली सगळ्या वेलांट्या दीर्घच काढते. जोडाक्षरे शक्यतो नकोत. कोणत्याही दोन शब्दांची पहिली दोन अक्षरे एक नकोत, म्हणजे शाई पुसट झाली तरी भागेल. पुस्तकी शब्द मी भराभर घातले नि पुढे अडलो. तेव्हा त्याने आईकडूनच शब्द आणले: आवणी, कणगी, शिंकाळे, इरले. ह्यांतील 'इरले' कोठे बसेना. माझ्या यादीत 'इरसाल' आधीच येऊन बसला होता.

इरसाल काढला.