कमीत कमी वीस!

संगणक थोडा वेळ तसाच ठेवला की तो झोपी जातो, हे तुम्ही पाहिलंच असेल. यूएसबीच्या वायरीने त्याला जोडलेला माऊस किंवा कीबोर्डही मग झोपतो. वायरीवर ३ मिलिसेकंद काहीच हालचाल झाली नाही, तर उपकरणानं झोपावं असा नियमच आहे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग बरं का!

मग त्याला उठवायचं कसं? संगणक वायरीवरून ‘ऊठ’ अशी खूण पाठवतो. ही खूण कमीत कमी २० मिलिसेकंद चालू ठेवावी, असं यूएसबीच्या नियमांत सांगितलं आहे. हे काम पाहतो ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम जगभरचे प्रोग्रामर मिळून लिहितात. तिच्यातले जवळजवळ सगळे यूएसबी ड्रायव्हर ही खूण मोजून २० मिलिसेकंद देत. आता यात चूक ती काय? अहो, संगणकाचा गजरही कधी कधी किंचित आधी वाजतो! मग २० पुरे व्हायच्या आतच खूण बंद. त्यामुळे यूएसबीच्या प्रमाणपत्राच्या चाचणीत लिनक्स नापास होई. शिवाय काही उपकरणं इतकी झोपाळू, की त्यांना २० पेक्षा जास्तच वेळ लागे.

‘उपकरणच नियम पाळत नाही, त्याला आम्ही काय करणार?’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण वापरणाऱ्याचा माऊस तर झोपलेलाच राहिला असता ना! २०१५ साली फेलिपे बाल्बी या प्रोग्रामरने वेगळा विचार केला. समोर कोणतं उपकरण येईल हे आपल्या हातात नाही; खूण किती वेळ द्यायची, हे मात्र आहे. त्यांनी ४० मिलिसेकंद हा आकडा एकाच ठिकाणी लिहिला आणि सगळ्या ड्रायव्हरांनी तोच वापरावा असं ठरवलं. पुढे कधी तो बदलायचा झाला, तर एकाच जागी बदलला की काम झालं!

आणि आपल्याला हा उशीर जाणवतो का? छे! असे ४० मिलिसेकंद एका सेकंदात २५ वेळा मावतात.

प्रोग्राममधल्या चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. हा किडा आकड्यात नव्हता, ‘कमीत कमी’ या दोन शब्दांकडे झालेल्या दुर्लक्षात होता. परीक्षेत ‘कमीत कमी दहा ओळी लिहा’ असं असतं. मोजून दहाच लिहिल्या आणि शेवटची अर्धी राहिली, तर? तेव्हा दोस्तांनो, प्रश्न वाचताना आकड्याआधीचे शब्दही नीट वाचा हं!