पोटठेका घेताय? ती एक ओळ वाचा

केम (ता. करमाळा) : पाणीयोजनेची पाइपलाइन असो नाही तर रस्त्याचं काम, टेंडर मोठ्या ठेकेदाराला मिळतं आणि चर खोदायला आपल्या भागातला जेसीबीवाला लागतो. दर ठरतो, थोडा ॲडव्हान्स मिळतो, स्टॅम्पपेपरवर सही होते. अशा कागदात बहुतेक वेळा एक ओळ असते, की कामावर अपघात झाल्यास सर्व जबाबदारी पोटठेकेदाराची राहील. दरासाठी तासभर घासाघीस करणारा गडी ही ओळ वाचतच नाही.

समजा, चर ढासळली आणि तीस वर्षांचा मजूर दगावला. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यातला हिशेब असा : महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचा, त्याचे निम्मे 7,500, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. तिशीला तो आकडा 207.98 आहे. रक्कम होते 15 लाख 59 हजार 850 रुपये. हप्त्यावर घेतलेलं मशिन विकलं तरी एवढे हातात येतील का, ते ज्याचं त्यानं बघावं.

याच कायद्याच्या कलम 12 नुसार मजुराच्या घरचे थेट मुख्य ठेकेदाराकडं भरपाई मागू शकतात. ते चांगलंच आहे. पण भरलेले पैसे पोटठेकेदाराकडून वसूल करायचा हक्कही तेच कलम त्याला देतं. नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही तत्त्व हेच आहे.

"साहेबांचा इन्शुरन्स आहे की," असं आपली पोरं म्हणतात. आहे, पण कुणाच्या नावावर? पॉलिसीत पोटठेकेदाराचं नाव नसेल तर विमा कंपनी ठेकेदाराचे पैसे भरते आणि मग त्याच्या जागी उभी राहून तुमच्यावर वसुली लावू शकते. नाव असेल तर ती कंपनी तुमच्याही बाजूची. जेसीबीच्या विम्यावरही विसंबू नका. मशिन रस्त्यानं जाताना आणि खोदताना, या दोन गोष्टी विम्यात वेगळ्या धरतात. खोदताना उलटलं तर जादा हप्ता भरलेला असावा लागतो.

1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात गर्डर यंत्रणा कोसळून 20 जण गेले. तिथंही मुख्य ठेकेदाराखाली पोटठेकेदार कंपनी होती. अशा कंपन्यांकडं वकील असतात. आपल्याकडं सातबारा असतो.

म्हणून सहीआधी पॉलिसीची झेरॉक्स मागा. आपलं नाव, आपले मजूर आणि मुदत तपासा. काम लांबतं, पॉलिसी मध्येच संपते. 'सर्व जबाबदारी' खोडून 'पोटठेकेदाराच्या चुकीपुरती' असं लिहून घ्या. ठेकेदार नाहीच म्हणाला, तर मजुरांचा विमा स्वतः काढा आणि त्याचा हप्ता फुटाच्या दरात धरा.