साधा पेला

"तुरुंग म्हणजे काय सासुरवाडी आहे?" परवा जेवताना काकांनी विचारलं.

नाही हो काका. पण २०२० मध्ये तळोजा तुरुंगात ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींना पार्किन्सनमुळे पेला धरता येईना. त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तोही कोर्टाकडे! मिळेपर्यंत आठवडे गेले. जुलै २०२१ मध्ये ते वारले, कच्चे कैदी म्हणूनच. म्हणजे शिक्षा झालेलीच नव्हती.

आरोप खरे की खोटे, तो वाद वेगळा. कोंडून ठेवणं कायद्यात बसतं. पण पाणी पिता येऊ न देणं कुठल्या कलमात बसतं? नागपूरच्या तुरुंगात व्हीलचेअरवरचे साईबाबा अंडा सेलमध्ये होते. मार्च २०२४ मध्ये निर्दोष सुटले, ऑक्टोबरमध्ये गेले.

कुलूप आपण लावलं ना काका? मग पाणीही आपणच पाजायचं.