हलकेपणाचे उसने माप

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने बरोबर कोणता स्टोव्ह घ्यावा, या प्रश्नाला अलीकडे एकच उत्तर ऐकू येते: सर्वांत हलका. गॅसच्या डब्यावर थेट आट्यांनी बसणारे, मुठीत मावणारे, अवघ्या २५ ग्रॅमचे बर्नर आता मिळतात आणि ते दाखवणाऱ्याच्या चेहऱ्यावर एखादे दुर्मीळ हस्तलिखित सापडल्याचा आनंद असतो. आमचे म्हणणे असे की, हे उत्तर चुकीचे आहे. कारण त्यामागचे माप उसने आहे.

हा आग्रह आला कोठून? अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल नावाची चार हजारांहून अधिक किलोमीटरची पायवाट जाते. ती चालणाऱ्यांसाठी रे जार्डिन यांनी १९९२ साली एक हस्तपुस्तिका लिहिली आणि पाठीवरचा ग्रॅमन् ग्रॅम मोजणाऱ्या पंथाला बळ मिळाले. महिनोन्महिने ओझे खांद्यावर वाहणाऱ्याच्या दृष्टीने तो हिशेब रास्तच आहे. पण आमचे ओझे आमचे खांदे वाहत नाहीत. जवळजवळ दोनशे किलोचे यंत्र वाहते. पेट्रोलवर चालणारा, वेगळ्या बाटलीला नळीने जोडलेला स्टोव्ह साधारण ३५० ग्रॅमचा असतो. म्हणजे फरक सव्वातीनशे ग्रॅमचा. अर्धा लिटर पेट्रोलही याहून जड भरते. शिवाय त्या २५ ग्रॅममध्ये गॅसचा डबा धरलेलाच नसतो. गझलेचे निकष लावून पोवाडा तपासणाऱ्या समीक्षकाला आपण वर्गात हसतो. येथे मात्र तेच करतो आणि त्याला अभ्यास म्हणतो.

हा केवळ तात्त्विक वाद असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे किन्नौरमार्गे स्पितीत गेलो होतो. काझाच्या पुढे लोसरच्या वाटेवर मुक्काम केला. हंगाम संपल्यामुळे ढाबे बंद झाले होते आणि संध्याकाळपासून वारा सुटला होता. आमच्याजवळ स्वस्तातला, साध्या ब्यूटेनचा डबा आणि त्यावर तो कौतुकाचा बर्नर होता. ज्योत समईच्या वातीएवढी झाली, आडवी पडली, विझली. तासाभराने आमचा सर्वांत तरुण सहकारी तो स्टोव्ह तंबूत घेऊन गेला आणि वारा आत येऊ नये म्हणून त्याने चेनही लावून घेतली. थोड्याच वेळात त्याचे डोके ठणकू लागले, उलटी झाली. आम्ही समजलो, विरळ हवेचा त्रास. त्याला बाहेर काढल्यावर तो सावरला, तेव्हा कुठे आम्हाला खरा प्रकार उमगला. कोंडलेल्या जागेत जळणारा कोणताही स्टोव्ह कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि त्याची लक्षणे उंचीच्या आजाराशी इतकी मिळतीजुळती असतात की, सावध माणूसही फसावा. आम्ही वेळीच जागे होतो, एवढेच आमचे कर्तृत्व.

दोष कोणाचा? नियम मोडणाऱ्याचा, हे उघड आहे. पण बाहेर पेटत नाही असा स्टोव्ह माणसाला आत ढकलतो, हेही तितकेच उघड आहे. साधे ब्यूटेन समुद्रसपाटीवर उणे अर्ध्या अंशाला उकळते. त्याहून थंडीत ते वायू व्हायला राजी नसते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ही मर्यादा काही अंशांनी खाली सरकते खरी, पण जळता जळता डबा स्वतःच थंड होत जातो आणि मिळालेली सवलत संपते. आयसोब्यूटेन व प्रोपेन मिसळलेले महागडे डबे बरे; त्यांतही प्रोपेन आधी निघून जाते आणि डबा संपत आला की पुन्हा तीच रड. त्यात वारा आडवायला भोवती पत्रा गुंडाळावा, तर ज्योतीखालचाच डबा तापून फुटण्याचे भय. बाटली लांब असलेल्या पेट्रोलच्या स्टोव्हला मात्र चहूबाजूंनी पत्रा लावता येतो. २५ ग्रॅमच्या जाहिरातीत हा फरक कोणी सांगत नाही.

दुसरा मुद्दा इंधनाचा. मोटारसायकलस्वार हा एकच प्रवासी असा आहे की, तो आपले इंधन बुडाखाली घेऊन हिंडतो. वारा नीट अडवला, तर लिटरभर पाणी उकळायला २० ते ३० मिलिलिटर पेट्रोल पुरते. गाडीच्या टाकीला त्याची खबरही लागत नाही. उलट गॅसचा डबा विमानात चालत नाही, रेल्वेत चालत नाही, आणि जेथे संपतो तेथे तो सहसा मिळत नाही. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉटच्या तुकडीला वाटेत साठवून ठेवलेल्या डब्यांत रॉकेल अपेक्षेहून कमी आढळले; त्या डब्यांच्या झाकणांना चामड्याचे वायसर होते. अमुंडसेनने आपले डबे डाख लावून बंद केले होते. स्टोव्ह दोघांकडेही प्रायमसच होता. फरक इंधनाच्या व्यवस्थेत होता.

आक्षेप येईल: पेट्रोलचा स्टोव्ह म्हणजे भडका. ही भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आमच्या पिढीने लहानपणी वर्तमानपत्रांत ‘स्टोव्हच्या भडक्याने विवाहिता भाजली’ अशा बातम्या वाचल्या आहेत, आणि त्यांतल्या कितींमागे स्टोव्ह नव्हे तर माणसे होती, हे मोठेपणी आम्हाला कळले. पण त्याच घरांत आमच्या आयाही होत्या. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नर तापवणे, बेताने पंप मारणे, पिन मारणे, चावी सोडून हवा काढणे, वायसर सुकला की बदलणे, आणि तापलेल्या स्टोव्हमध्ये कधीही तेल न ओतणे, हे सारे त्यांना शाळेत न जाता येत होते. पेट्रोल रॉकेलपेक्षा चटकन पेट घेते, म्हणून हीच शिस्त येथे दुप्पट पाळावी लागते. ते काजळी धरते, जेट तुंबवते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते, रबराला त्रास देते. तेव्हा जादा वायसर बरोबर असलेच पाहिजेत. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांतून जुन्या कॉकसारखे सहज पेट्रोल काढता येत नाही. धातूची बाटली आणि हातपंप यांची सोय आधी करावी लागते. हे सर्व कष्ट आहेत. पण ते घरी बसून शिकता येतात. थंडीत ब्यूटेनला वायू व्हायला कोणी शिकवू शकत नाही.

आमचा आग्रह आंधळा नाही. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी किंवा कोकणात एका रात्रीचा चहा करायचा, तर गॅसचा छोटा बर्नर उत्तम. जुलैत मनाली–लेह रस्त्याने जाणाऱ्याला बहुधा स्टोव्हच नको. ढाब्यावर मॅगी आणि चहा मिळतो, आणि चार माणसांशी बोलणेही होते. प्रश्न उरतो तो हंगाम संपल्यावर, दरड कोसळून रस्ता बंद झाल्यावर, वाऱ्यात, रात्री. स्टोव्ह निवडायचा तो त्या रात्रीसाठी. तो कोठे पेटणार, कशावर पेटणार आणि बिघडला तर कोण दुरुस्त करणार, हे तीन प्रश्न आधी, वजन त्यानंतर.

हलकेपणा हा गुण आहे, निकष नव्हे. जो तो निकष म्हणून मिरवतो, त्याला आम्ही एवढेच विचारू: शेवटच्या रात्री आपण तराजू पेटवणार आहात काय? असो. आमचा तो तरुण सहकारी आता पेट्रोलचा स्टोव्ह वापरतो, आणि तो तंबूबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून पेटवतो.