राजकन्या मॉडेस्टी आणि आमची रद्दी

चित्रकथांचे जुने अंक जपणारा प्रौढ गृहस्थ भेटला की परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या मराठी मंडळींच्या ओठांवर एक ठरावीक स्मित उमटते. ते अंक एखाद्या लढवय्या तरुणीचे असले तर त्या स्मितात किंचित चावटपणाही मिसळतो. आमचा रोष आहे तो या स्मितावर.

येथे वेलचेरीत काय किंवा शिवकाशीत काय, तमिळ संग्राहकांच्या कपाटांत मानाचे स्थान आहे ते मॉडेस्टी ब्लेझ हिला. बाई मूळची लंडनची. पीटर ओडोनेल यांनी लिहिलेली आणि जिम हॉलडवे यांनी रेखाटलेली तिची चित्रमाला १९६३ साली तेथील 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या दैनिकात सुरू झाली व २००१ पर्यंत चालली. १९८४ साली शिवकाशीहून 'लायन कॉमिक्स' निघाले, तेव्हा पहिल्याच अंकाची नायिका तिला नेमण्यात आली. तमिळ वाचक तिला 'इळवरसी', म्हणजे राजकन्या, म्हणतात. तिचा सहकारी विली गार्विन तिला ज्या लाडक्या नावाने हाक मारतो त्याचेच हे भाषांतर.

वास्तविक या राजकन्येला ना राज्य, ना कुळ. महायुद्धाच्या धामधुमीत निर्वासितांच्या छावणीतून निसटलेली ती एक अनाम पोर. 'मॉडेस्टी' हे नाव तिला एका वृद्ध निर्वासित विद्वानाने दिले. 'ब्लेझ' हे आडनाव तिने स्वतःच उचलले. १९४२ साली इराणात सैनिक म्हणून असताना ओडोनेल यांना अशी एक एकाकी मुलगी दिसली होती आणि ती त्यांच्या मनातून गेली नाही. आता आमच्या चित्रकथांतील वीरांगना आठवा. झाशीची राणी घ्या, ताराबाई घ्या. थोरच त्या, परंतु प्रत्येकीच्या हाती तलवार येते ती पतीच्या किंवा पुत्राच्या वारशातून. कोणाचीही कन्या, पत्नी वा माता नसलेली स्त्री केवळ स्वतःच्या विवेकावर उभी राहते, ही कल्पना आमच्या चित्रकथांना झेपलीच नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण कायद्याबाहेर राहून दुष्टांना शासन करण्याचा मान मिळाला तो काळ्या पहाडाला.

मुखपृष्ठावरील तिच्या देहाचे आकर्षण संग्राहकांना नाही काय? आहे, नाकारण्यात अर्थ नाही. परंतु केवळ तेवढ्यासाठी कोणी चाळीस वर्षे कागद सांभाळीत नाही. त्यासाठी याहून स्वस्त सोयी पुष्कळ आहेत.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांना शोभेसा आहे: ही बाई कायदा हाती घेते. घेते खरी. ज्यांची हयात टिप्पणी, प्रस्ताव आणि मंजुरी यांत गेली, त्यांना हे खुपणारच. पण त्यांनी एवढे तरी पाहावे, की गुन्हेगारांची टोळी चालवून, गडगंज पैसा मिळवून ती पंचविशीच्या सुमारास निवृत्त होते आणि तिच्या साऱ्या कथा त्या निवृत्तीनंतर सुरू होतात. निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडीत बसणाऱ्यांना तिचा हेवा वाटावा!

मुख्य गोष्ट कागदाची. १९६४ ते १९९० या काळात 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही निघत होते; वेताळ आणि मँड्रेक यांना आमच्या पिढीने मराठी बोलताना ऐकले. ते अंक कोठे गेले? प्रत्येक बदलीच्या वेळी सामान बांधताना आम्ही चांदीच्या वाट्या मोजून घेतल्या आणि ते गठ्ठे तराजूत घातले. उलट २०१५ च्या डिसेंबरात वेलचेरीत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा आमच्या एका तमिळ शेजाऱ्याने म्हणे प्रथम चित्रकथांची खोकी माळ्यावर चढविली आणि दूरदर्शन संच नंतर. यास वेड म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा. मराठी दरबाराचे मोडी कागद तंजावरच्या सरस्वती महालात आजही आहेत. तेही याच भूमीत कोणीतरी रद्दीपासून राखले म्हणूनच.

जुन्या अंकांना हल्ली भाव येतो, त्यांचा व्यापार होतो, काही जण ते न वाचताच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात, हे आम्हांस ठाऊक आहे व ते आम्हांस आवडतही नाही. तरीही पिशवीतील अंक उद्या उघडता येतो. आमच्या मंडळींच्या माळ्यांवर, ट्रंकांच्या तळाशी अजून एखादा मराठी 'वेताळ' उरला असेल, तर पुढील बदलीचा हुकूम येण्यापूर्वी त्याने जवळच्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयाची वाट धरावी; आणि ग्रंथपालांनी तो नोंदवहीत चढविताना ते स्मित करू नये.